काळं बोट आणि तोंडातली जाळी

ये, जवळ सरक. तू तिकडं आष्ट्याच्या अलीकडं हळदीच्या रानात आणि मी इकडं उंब्रजला, मध्ये एवढा हायवे पडलाय, तरी म्हणते जवळ सरक, कारण हे काही ओरडून सांगायचं नाही. आणि आधी चार बोलणी खाऊन घे. धाकटी बहीण झालीस म्हणून सगळं माफ नसतं.

परवा फोनवर तू अर्धा तास बोललीस. हळद किती निघाली, शिजवायला काहील वेळेवर मिळाली नाही, खळ्यावर वाळत घातलेली हळद कुणाच्या कुत्र्यानं तुडवली, सगळं सगळं सांगितलंस. आणि फोन ठेवता ठेवता म्हणालीस, "आक्का, दोन-तीन महिनं झालं, तोंडाला मिरची सोसंना बघ. तोंड आलंय. मशेरी दाबली की तेवढं गार वाटतं." आणि हसलीस. मी फोन हातात धरून तशीच उभी. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या आणि डाळीचा लगदा झाला.

तोंड आलंय म्हणे. अगं, तोंड येतं ते आठ-दहा दिवसांत जातं. दोन-तीन महिने मुक्कामाला राहतं त्याला तोंड येणं म्हणत नाहीत. हे मलाही माहीत नव्हतं, म्हणून तुला फार टाकून बोलत नाही. पण फोनवर मला नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसले. माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं वाचणं मी वाण्याच्या पुड्यांच्या कागदावर शिकले. तेव्हा माझं शुद्धलेखन बघू नकोस, तोंड बघ. स्वतःचं. उन्हात, आरशात, ओठ उलटा करून.

माझं सुरू झालं तीन वर्षांपूर्वी. आधी ठेचा झोंबायला लागला. सातारच्या बाईला ठेचा झोंबतो म्हणजे हसण्यावारी न्यायची गोष्ट, आणि मी तशीच नेली. मग आमटी झोंबायला लागली. मग गरम चहा. एक दिवस गालाच्या आतून जीभ फिरवली तर खडबडीत लागलं. आरशात बघितलं तर दोन्ही गालांना आतून पांढरी बारीक जाळी. कोळ्यानं कोपऱ्यात विणावी तशी. पुसून बघितली, पदराच्या टोकानं खरवडून बघितली. जाईना.

सुनेनं पाहिलं आणि तिनं लगेच मोबाईल काढला. काय काय वाचत गेली, आणि वाचता वाचता तिचा चेहरा उतरला. मी विचारलं तर म्हणाली, काही नाही आत्या, रेंज नाही. रेंज नसली की माणसाचा चेहरा असा पडत नाही, एवढं मला कळतं. दुसऱ्या दिवशी मला घेऊन दातांच्या डॉक्टरकडं.

डॉक्टर चांगले होते, तरुण, बाहेरगावाहून आलेले, घाईतले. त्यांनी बॅटरी मारून बघितलं आणि कागद पुढं ओढला. पान खाता का, नाही. सुपारी, नाही. दारू, मी हसले. तंबाखू, नाही. आणि हे नाही मी कसं म्हणाले माहीत आहे? मान वर करून. वर हेही सांगितलं, की आमचे मालक चुना लावून दिवसभर खातात, त्यांना चाळीस वर्षं सांगून मी थकले, पण मी जन्मात कधी तोंडात घातली नाही. डॉक्टरांनी कौतुकानं मान हलवली आणि कागदावर फुली मारली.

खोटं बोलले का मी? देवाशपथ, नाही. मला ते खरंच वाटत होतं. मशेरी म्हणजे दात घासायची. सकाळी उठून लावायची, जेवून लावायची, दुपारी मागच्या दारात शेजारणीबरोबर बसून लावायची. तंबाखू बाप्ये खातात. बायका मशेरी लावतात. आपल्या आईनं तवाभर तंबाखू काळीकुट्ट होईस्तोवर भाजली, सगळ्या आळीला ठसका लागला, आपण दोघींनी ती तळहातावर चुरून चाळली, डबीत भरली, आणि तरी डबीत गेल्यावर ती तंबाखू राहिली नाही. ही जादू कुणी केली, मला अजून कळलेलं नाही.

गालाचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. त्यात वाईट काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, ही आतल्या आत दाह होऊन आलेली जाळी आहे, आपलं अंगच आपल्या कातडीशी भांडतं तसा प्रकार, कशानं येतो ते नक्की सांगता येत नाही, कुणाला ह्याची लागण होत नाही, मुळासकट जातही नाही, पण मलम लावून दबून राहते. मी विचारलं, पुढं ह्याचं काही होतं का. ते म्हणाले, तंबाखू नाही ना तुम्हाला, मग फार काळजी करू नका, तरी सहा महिन्यांनी दाखवत जा.

मी त्यातलं "काळजी करू नका" तेवढं घरी आणलं. सहा महिन्यांचं तिथंच ठेवून आले.

मालकांना सांगितलं तर ते तंबाखूची चंची सोडत म्हणाले, "हे बरं हाय. चोर सोडून संन्याशाला फाशी." मलाही ते पटलं. मी संन्याशासारखं तोंड करून बसले.

मलम पंधरा दिवस लावलं. मग संपलं. मशेरी मात्र घरची, आणि ती लावली की झोंबायचं थांबतं, तोंड बधिर होतं. तुझं ते गार वाटणं. मी एकदाच्या जागी दोनदा लावायला लागले. औषध म्हणून गं. जिथं दाह आहे तिथंच बोटानं चोळायची, आणि खालचा ओठ आणि हिरडी यांच्या मधल्या खाचेत चिमूटभर तशीच ठेवून द्यायची. वर्षभर, दीड वर्ष हेच. आता लिहितानाही माझी जीभ त्या खाचेत गेली बघ. तिला सांगून ऐकत नाही.

गेल्या वर्षी पावसाळ्यात त्या खाचेत एक चट्टा लागला. जाळीसारखा नाही. जाडसर, पांढरा, दुधाची साय वाळून चिकटावी तसा, आणि कडेला लालसर. दुखत नव्हता. दुखत नाही म्हणून मी गप्प. पण मनानं गप्प नव्हते. दिवसातून वीस वेळा आरसा. भाकरी थापता थापता उठून आरसा. सुनेनं शेवटी आरसाच उचलून वरच्या फळीवर ठेवला आणि म्हणाली, चला. त्या डॉक्टरांनी ह्या वेळी घाई केली नाही. चिठ्ठी लिहून सांगलीच्या दातांच्या मोठ्या दवाखान्यात जायला सांगितलं.

आता ऐक, आणि राग धरू नकोस. त्या दिवशी आमची एसटी तुझ्या फाट्यावर थांबली होती. मी खिडकीतच होते. तुमच्या रानातलं नारळाचं झाड दिसलं. सून म्हणाली, मावशींना फोन करू का, येताना उतरू. मी नको म्हणाले. तुला काय सांगायचं? तू रडली असतीस, मग मला तुझी समजूत घालावी लागली असती. एसटी हलली तेव्हा मला बरं वाटलं, आणि पुढं सांगलीपर्यंत वाईट वाटत राहिलं. तेव्हा लपवालपवी मलाही येते. तू काही नवं करत नाहीस.

सांगलीत एक डॉक्टरीण होती, माण तालुक्यातली पोरगी. दहिवडीकडची. बोलण्यावरून ओळखली मी. तिनं पुन्हा तेच विचारलं, तंबाखू, आणि मी पुन्हा तेच नाही. तिनं लिहिलं नाही. पेन खाली ठेवलं आणि माझा उजवा हात हातात घेतला. मला वाटलं नाडी बघते. तिनं अंगठ्याशेजारचं बोट वळवून उजेडात धरलं. टोकाशी, नखाच्या कडेला, काळपट तपकिरी. साबणानं न जाणारं. आपल्या आईचं होतं तसं. तुझंही असणार, आत्ता बघ.

"आज्जी, दात कशानं घासता?"

"मशेरीनं," मी म्हणाले. सरळ. लपवायचं काही होतं असं मला तेव्हाही वाटलं नव्हतं.

"माझी आज्जीबी अशीच सांगायची," ती म्हणाली, "तंबाखू न्हाई म्हणून."

अगं, त्या क्षणी मला काय झालं सांगू. चाळीस वर्षं मी माझ्या नवऱ्याला ज्याच्यावरून बोलले ते माझ्या कमरेच्या पिशवीत होतं. त्या वेळीही होतं, डबी मांडीला टोचत होती. सून जमिनीकडं बघत होती. तिला सगळं दिसत होतं घरात, पण सासूला मशेरीवरून कोण बोलणार?

मग मी विचारलं, जे दोन वर्षं मनात घोळत होतं ते. म्हणाले, बाई, एकच सांग, ही जाळी आहे तिचा कॅन्सर होतो का? शब्द पहिल्यांदा तोंडातून काढला. आपल्याकडं नाव घेत नाहीत, "त्यो रोग" म्हणतात.

ती म्हणाली, "बहुतेकांची जाळी जाळीच राहती, आज्जी. थोड्यांची बिघडती. कुणाची बिघडणार हे आधी सांगता येत न्हाई, म्हणून बघत राहायचं. पण जिथं आधीच आग हाय तिथं तुमी रोज तंबाखू चोळताय. आणि हा खालचा जाड चट्टा जाळीतला न्हाई, हा मशेरी ठेवायच्या जागेवरचा हाय."

मग ती मला एक बोलली ते मी विसरणार नाही. म्हणाली, आमच्याकडं मेंढराच्या पायाला जखम झाली तर त्याला कळपाबरोबर हाकत नाहीत. वेगळं बांधतात आणि रोज पाय उचलून बघतात. भरलं तर भरलं, चिघळलं तर लगेच कळतं. रडत कुणी बसत नाही आणि विसरतही कुणी नाही. तसं ह्याचं करायचं.

ऐकायला सोपं आहे. पाय उचलून बघणं सोपं, तोंड बघणं अवघड, कारण ते सारखं आपल्याबरोबर असतं.

चट्ट्याचा तुकडा काढला आणि रिपोर्टला दहा दिवस सांगितले. त्या दहा दिवसांचं काय सांगू तुला. तांदूळ निवडले, मग निवडलेले परत निवडले. फाटकाशी गाडी वाजली की उठून बाहेर. रिपोर्ट काय चालत येणार होता होय? तो आणायला आपणच जायचं होतं, तरी मी बाहेर. शेजारीण दुपारी नेहमीसारखी मागच्या दारात आली, तिनं डबी पुढं केली. मी नको म्हणाले. ती म्हणाली, उपास हाय का? मी हो म्हणाले. तिनं विचारलं, कुठल्या देवाचा. मला पटकन देवही सुचेना.

तिसऱ्या दिवशी मी माझी बिनतिखटाची आमटी वेगळी काढायला लागले, तर मालक म्हणाले, कशाला दोन भांडी, मला पण तीच वाढ. ज्या माणसानं जन्मभर आमटीचा कट बघून जेवायचं की नाही ते ठरवलं, तो पांढरट आमटी भुरकत होता आणि वर चांगली झालीय म्हणत होता. मला त्याचीच जास्त भीती वाटली. माणूस एकदम चांगलं वागायला लागला की समजावं, त्यालाही कळलंय.

त्या दहा दिवसांतच मला ते आठवलं, ज्यासाठी मी हे सगळं लिहितेय. इथवर आलीस ना, आता उठू नकोस.

तू सात-आठ वर्षांची असशील. तुझी दाढ दुखत होती. आई मळ्यात, बाबा बाजारला. तू गाल धरून चुलीपुढं लोळत होतीस आणि मी तुझ्याहून चार वर्षांनी मोठी, म्हणजे घरातली बाई. मी आईची डबी काढली, बोट बुडवलं, आणि तुझ्या दाढेला मशेरी चोळली. तू गरगरलीस. ओकलीस. मला वाटलं, मेली आता ही. मग झोपलीस. उठलीस तेव्हा दाढ थांबली होती. संध्याकाळी आई आली तिला मी भीत भीत सांगितलं, तर तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि शेजारणीला सांगितलं, थोरली शहाणी झाली माझी. दुसऱ्या दिवशी तू आपणहून माझ्याकडं आलीस, तोंड उघडून. आणि मी परत लावली. मला शाबासकी पाहिजे होती.

तुझ्या ध्यानात नसेल. माझ्याही नव्हतं. साठ वर्षं नव्हतं. आणि परवा तू फोनवर हसलीस तेव्हा मला तुझं ते उघडं तोंड दिसलं, पुढचा एक दात पडलेला. म्हणून डाळीचा लगदा झाला, समजलं का आता.

रिपोर्टचं सांगते, ताटकळत ठेवत नाही. कॅन्सर नव्हता. पण पेशी बदलायला लागल्या होत्या, त्या वाटेला लागल्या होत्या, असं डॉक्टरीण म्हणाली. चट्टा काढून टाकला. दोन टाके पडले, आठ दिवस पेजेवर काढले. मालकांना सांगितलं सगळं, मशेरीचंसुद्धा. ते चंचीशी चाळा करत बसले. मग म्हणाले, "म्हणजे संन्यासी कसला, तूबी चोरच निघालीस की." आणि चंची घेऊन गोठ्यामागं गेले. अजून तिथंच जाऊन खातात, माझ्यापुढं नाही. त्यांचं तोंड तपासायचं म्हटलं की त्यांना शेतात काम निघतं. ते वेगळं रडगाणं आहे.

मशेरी सोडली त्याचं सांगू? पहिले आठ दिवस डोकं फुटायची वेळ आली. पोट साफ होईना. सुनेवर चिडले, मांजरावर चिडले, टीव्हीतल्या बाईवर चिडले. बोट आपोआप तोंडात जायचं, रिकामंच, आणि हिरडीवर फिरायचं. अजून जातं कधी कधी. आता ते बोट पांढरं झालंय, नखाची कड निघाली नवी. मी ते मधूनमधून उन्हात धरून बघते. दवाखान्यातल्या बाईनं मशेरी सोडणाऱ्याला फोनवर बोलून धीर द्यायचीही सोय सांगितली होती, मी म्हणाले, मला बोलायला माणसं आहेत. पण खरं सांगू, ह्या गोष्टीवर बोलायला कुणी नव्हतं. तुझ्याशी बोलायला पाहिजे होतं आणि मी फाट्यावर उतरले नाही.

आता दर तीन महिन्यांनी सांगली. मागच्या खेपेला डॉक्टरीण म्हणाली, उजव्या गालाची जाळी जरा लाल दिसतीय, मलम वाढवू, पुढच्या वेळी बघून गरज वाटली तर परत तुकडा काढू. तेव्हापासून माझी जीभ परत कामाला लागलीय. आता खाच सोडून उजव्या गालाला असते. तीन दिवस म्हणते कमी आहे, चौथ्या दिवशी म्हणते वाढलंय. तुला वाटत असेल, आक्काचं सगळं निस्तरलं आणि आता उपदेश करायला बसली. निस्तरलं काही नाही बाई. वेगळं बांधलंय आणि बघतेय, एवढंच.

आणि तुझ्या तोंडात जाळी आहे, का चट्टा आहे, का नुसतं पोटाच्या गरमीचं आहे, मला इथून कसं कळणार. काही नसेलही. पण ते मशेरी दाबून ठरवायचं नाही. तोंडात हळदही लावत असशील, ती तरी थांबव, तोंड पिवळं झालं की बघणाऱ्यालाच दिसत नाही. आणि कुणी विचारलं तंबाखू खाता का, तर नाही म्हणू नकोस. माझ्यासारखी मान वर करून तर मुळीच नको. बोट पुढं कर.

पुढच्या पंधरवड्यात माझी तपासणी आहे. तू म्हणशील, सांगली माझ्यापासून जवळ, मग मी उंब्रजला उलटी कशाला येऊ, आक्का, तूच उतर की फाट्यावर. नाही. मी उतरले तर तू मला चहा पाजशील, हळद अजून खळ्यावर आहे म्हणशील, आणि एकटीला पुढच्या एसटीत बसवून देशील. ओळखते मी तुला. म्हणून तूच ये, चार दिवस आधी. मागच्या दारात उन्हाला बसू, मी तुझं तोंड बघते, तू माझा उजवा गाल बघ आणि खरं सांग, लाल आहे का, इथं कुणी मला खरं सांगत नाही. डबी आणलीस तरी मी बोलणार नाही. नाही आणलीस तर सोन्याहून पिवळं. डोकं दुखायला लागलं की चिड माझ्यावर, माझ्यामुळंच लागली होती ती सवय.

मग दोघी मिळून सांगलीला जाऊ. हळद पाव्हणे, तुझे मालक, बघतील चार दिवस, हळदीला काय तोंड नाही. पहिल्या एसटीनं निघ, मी हायवेच्या पुलाखाली येऊन उभी राहते. ये गं लवकर.